वॉर्डच्या दाराबाहेर थांबलेली माणसे
(अभ्यासपाठ : परिचारिकांनी रुग्णाच्या नातेवाइकांशी कसे बोलावे)



हा पाठ मुख्यतः परिचारिकांसाठी आणि नर्सिंग शिकणाऱ्या मुलामुलींसाठी लिहिला आहे. तरी तो सर्वांनी वाचावा, अशी विनंती आहे. आपल्यापैकी प्रत्येक जण कधी ना कधी दवाखान्याच्या व्हरांड्यात नातेवाईक म्हणून बसला आहे. आत आपले माणूस आहे, बाहेर आपण आहोत, मध्ये एक दार आहे, आणि त्या दारातून ये-जा करणारी एकच व्यक्ती आहे, ती म्हणजे सिस्टर. तिच्या एका वाक्याने जिवात जीव येतो, किंवा पायाखालची जमीन सरकते.

सुरुवात माझ्याच चुकीपासून करते. बरीच वर्षे झाली. मी तेव्हा एका दवाखान्यात नवजात बालकांच्या कक्षात ड्युटीला होते. जिंतूरकडच्या डोंगरातल्या एका वाडीतून आंध समाजाचे एक कुटुंब आले होते. बाळ दिवसांआधी झालेले, वजन जेमतेम दीड किलो. बाळाला आत ठेवले. आई दुसऱ्या मजल्यावर प्रसूतीच्या वॉर्डात. दाराबाहेर बाळाची आजी. बाप उसतोडीला गेलेला, तो फक्त फोनवर.

मी दारातून बाहेर आले की आजी उठून उभी राहायची. "बाई, लेकरू कसं हाय?" मी चालता चालता म्हणायची, "ठीक आहे आजी, बाहेर बसा." असे तीन दिवस चालले. चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी कागदावर अंगठा दिला आणि स्वतःच्या जबाबदारीवर बाळ घेऊन निघाले. मी आजीवर रागावले. तेव्हा ती म्हणाली, "तीन दिस नुसतं 'बसा बसा' म्हणलात. लेकरू जित्तं हाय का मेलं, ते बी कुणी दावलं नाही. मरायचंच असंल तर मायीच्या मांडीवर तरी मरू द्या."

बाळाच्या उपचारात काही कमी पडले नव्हते. ऊब मिळत होती, नळीने दूध जात होते, दर दोन तासांची नोंद कागदावर होती. राहिली होती ती एकच गोष्ट, आणि तिची नोंद करायला कागदावर रकानाच नव्हता. त्या बाळाचे पुढे काय झाले, ते मला आजवर कळलेले नाही.

आपल्याकडे 'नातेवाईक' म्हणजे कोण?

परभणी जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे १८ लाख ३६ हजार. त्यात अनुसूचित जमातींचे लोक सुमारे दोन टक्के. १९९९ साली हिंगोली जिल्हा वेगळा झाला आणि आंध समाजाची पुष्कळ गावे तिकडे गेली. तरी जिंतूरच्या बाजूला हा समाज आहेच. शिवाय पारधी कुटुंबे आहेत, बंजारा तांडे आहेत. संख्या थोडी असल्यामुळे काय होते? दवाखान्यात या लोकांच्या ओळखीचे कोणी नसते. त्यांच्या वतीने कोणी बोलत नाही.

दुसरी गोष्ट ऊसतोडीची. दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन निघालेले जोडपे उन्हाळ्याच्या तोंडावर परतते. या काळात आजारी माणसासोबत येते ती म्हातारी सासू, नाहीतर चौदा-पंधरा वर्षांची बहीण. निर्णय घेणारा माणूस दूर कारखान्याच्या फडात असतो. म्हणून खाटेजवळ उभ्या असलेल्या माणसाला सांगितले म्हणजे घरच्यांना सांगितले, असे समजू नये.

तिसरी गोष्ट भाषेची. तांड्यावरच्या आजीची बोली गोरमाटी. आंध कुटुंबे मराठी बोलतात, पण 'सॅच्युरेशन', 'इन्फेक्शन', 'ऑब्झर्व्हेशन' ही त्यांची मराठी नव्हे. समोरचा माणूस "हां बाई" म्हणून मान हलवतो. ती मान समजल्याची नसते, आदराची असते. कधी ती भीतीचीही असते.

गडचिरोलीचा धडा

आपल्याच राज्यात या प्रश्नाला एक फार चांगले उत्तर शोधले गेले आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था सुरू केली. आदिवासी लोक दवाखान्यात का येत नाहीत, हे त्यांनी तर्काने ठरवले नाही. लोकांनाच विचारले. लोकांनी कारणे सांगितली. इमारती मोठ्या, आत गेले की वाट चुकते. डॉक्टर-नर्स पांढऱ्या कपड्यांत असतात, आणि पांढरे कापड तर आम्ही मेलेल्या माणसावर घालतो. तुमची भाषा आम्हाला कळत नाही. आणि सर्वांत मोठे म्हणजे आमच्या माणसाला आत घेता आणि आम्हाला बाहेर काढता.

या उत्तरांवरून शोधग्रामचा दवाखाना उभा राहिला. इमारती झोपड्यांसारख्या, गावाच्या मांडणीच्या. रुग्णासोबत नातेवाइकांनी राहावे अशी सोय. नाव लोकांच्याच देवतेचे, 'माँ दंतेश्वरी दवाखाना'.

याच संस्थेने गावातल्या बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोग केला. ३९ गावांत हे काम झाले आणि तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचे १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यात औषधोपचाराचा भाग होताच. पण ते काम घरच्या माणसांना विश्वासात घेऊन, त्यांच्याच भाषेत, त्यांच्याच ओसरीवर बसून झाले, हे विसरता येणार नाही. आज आपल्या गावातली आशाताई बाळंतपणानंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येते, त्याचे मूळ या कामात आहे.

नवजात कक्षांबाबतही विचार बदलला आहे. १९७८ मध्ये कोलंबियातील बोगोटा शहरात उबेच्या पेट्या अपुऱ्या पडल्या, म्हणून डॉक्टरांनी कमी वजनाची बाळे आईच्या छातीशी उघड्या अंगाला लावून ठेवली. तीच आजची 'कांगारू' पद्धत. दिल्लीच्या राम मनोहर लोहिया रुग्णालयात आईवडिलांना नवजात कक्षात घेऊन काळजी घ्यायला शिकवण्याचे काम झाले, आणि २०१७ मध्ये केंद्र सरकारने तशा सूचना देशभरासाठी काढल्या. हात धुऊन, गाऊन घालून आईने आत यावे, बाळाला स्पर्श करावा, दूध पाजावे, परिचारिकेने ते शिकवावे. माझ्या त्या आजीला आत घेता आले असते, हे आज मला ठाऊक आहे.

पाठ : सात गोष्टी

१. आधी ओळख, मग सूचना. रुग्ण दाखल झाला की पहिल्या काही मिनिटांत स्वतःचे नाव सांगा आणि बसायला जागा दाखवा. "आजी, मी इथली सिस्टर. रात्री आठपर्यंत मी आहे. नंतर दुसरी बाई येईल, तिला मी तुमचं सगळं सांगून जाईन." एवढ्याने अर्धी भीती जाते. नात्याने हाक मारा : आजी, मावशी, काका, दादा, ताई. "ए बाई", "ए म्हातारे", "तीन नंबरचे नातेवाईक कोण?" हे शब्द वॉर्डातून हद्दपार करा.

२. घरातला एक माणूस ठरवा. "तुमच्यात निर्णय कोण घेतं? त्यांना फोन लावा, मी बोलते." उसतोडीवरच्या बापाला दोन मिनिटे फोनवर सांगितले तर चौथ्या दिवशीचा अंगठा टळू शकतो. पण एक पथ्य पाळा. रुग्ण शुद्धीवर असेल, सज्ञान असेल, तर पहिला हक्क त्याचा. सुनेच्या पोटात कुठे दुखते हे सासूला विचारू नका, सुनेला विचारा. जमेल तेव्हा एकटीला विचारा.

३. सांगण्याआधी विचारा. "तुम्हाला काय वाटतं, हे कशामुळे झालं?" उत्तर येईल : बाहेरचं झालं, नजर लागली, भगताने उतारा सांगितलाय. हसू नका, ओरडूही नका. तुम्ही हसलात की ती माणसे पुढचे काही सांगणार नाहीत, आणि पाजलेला काढा किंवा पोटावर दिलेला डाग तुम्हाला कधीच कळणार नाही. मनगटाचा दोरा उपचाराच्या आड येत नसेल तर राहू द्या. आड येत असेल तर सांगा, "आजी, इथं सुई लावायची आहे. दोरा तुमच्याच हातानं सोडून कनवटीला बांधा." दोरा कचऱ्यात गेला की विश्वासही गेला.

४. रोजच्या शब्दांत सांगा, एका वेळी दोन-तीनच गोष्टी. 'सॅच्युरेशन कमी आहे' याऐवजी 'श्वासातून जेवढी हवा अंगाला मिळायला पाहिजे तेवढी मिळत नाही, म्हणून हा मास्क लावलाय'. 'ऑब्झर्व्हेशनखाली आहे' याऐवजी 'आज रात्रभर आम्ही दर तासाला बघणार आहोत'. यंत्र वाजले की घरच्यांना वाटते माणूस गेला. म्हणून आधीच सांगून ठेवा : "हे यंत्र अधूनमधून वाजतं. वाजलं की मी येते. घाबरू नका." कोणी म्हणाले, "बाई, एक सलाईन लावा ना," तर नुसते 'नको' म्हणू नका. "पोटात पाणी राहतंय, उलटी नाही, तर तोंडानं दिलेलं पाणीच चांगलं," असे कारण द्या.

५. समजले का, हे त्यांच्याच तोंडून ऐका. "समजलं ना?" या प्रश्नाला नेहमी 'हो' असेच उत्तर येते. त्याऐवजी म्हणा, "मावशी, मी नीट सांगितलं की नाही ते मला कळू द्या. घरी गेल्यावर ही पुडी कशी कालवणार, करून दाखवा." मग दिसेल की ओआरएसची अर्धी पुडी पेल्यात टाकायचा त्यांचा बेत आहे. तेव्हा एक लिटरची बाटली पुढे ठेवून, पूर्ण पुडी, पूर्ण लिटर, आणि चोवीस तासांनी उरलेले फेकायचे, हे पुन्हा दाखवता येते. परीक्षा त्यांची नव्हे, आपल्या सांगण्याची आहे.

६. खोटा धीर देऊ नका. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ मध्ये परिचर्येवर लिहिलेल्या पुस्तकात एक पूर्ण प्रकरण याच विषयावर आहे. आजाऱ्याला वरवरच्या आशेच्या गप्पा सांगणे म्हणजे त्याला एकटे पाडणे, असा त्यांचा रोख होता. क्रिमियाच्या युद्धात मेलेल्या सैनिकांच्या घरच्यांना त्या स्वतः पत्रे लिहीत. तब्येत नाजूक असताना "काही होत नाही" म्हणू नका. निदान आणि पुढची शक्यता सांगणे डॉक्टरांचे काम आहे. त्यांच्या शेजारी उभे राहणे, आणि ते गेल्यावर तिथेच थांबणे, हे आपले. "डॉक्टरांनी सांगितलं ते कठीण आहे. आम्ही प्रयत्न सोडलेले नाहीत. आज कोणाला बोलवायचं असेल तर बोलवून घ्या." असे बोलणे कठोर नाही. शेवटची भेट चुकली, ही सल घरच्यांच्या मनात वर्षानुवर्षे राहते.

माणूस गेला तर ती बातमी उभ्याने, व्हरांड्यात, दहा जणांपुढे देऊ नका. बसायला सांगा. 'गेले' हा शब्द स्पष्ट उच्चारा. मग गप्प राहा. पाणी द्या. थोड्या वेळाने कागदपत्रे आणि गाडीचे बोला. चेहरा पाहू द्या, हात लावू द्या.

७. काय सांगायचे नाही, तेही शिका. घरच्यांशी मोकळे बोलणे म्हणजे रुग्णाचे गुपित उघडे करणे नव्हे. एचआयव्हीच्या बाबतीत तर २०१७ चा कायदाच आहे. रुग्णाच्या संमतीशिवाय ते कोणाला सांगता येत नाही. कुमारी मुलीची तपासणी, बाईचे गर्भपाताचे कारण, दारूची सवय, या गोष्टी वॉर्डात मोठ्याने बोलू नयेत. वाडीवर बातमी रुग्णाच्या आधी पोचते.

घरी पाठवताना

सर्वांत घाईचा आणि सर्वांत महत्त्वाचा क्षण सुट्टीचा. बाहेर जीप उभी असते, बिलाची गडबड असते, हातात इंग्रजी कागद असतो. इथे तीन प्रश्नांची उत्तरे तोंडी द्या : कोणती गोळी कधी, काय दिसले तर लगेच परत यायचे, आणि पुन्हा कधी दाखवायचे. वाचता येत नसेल तर पाकिटावर सूर्य आणि चंद्र काढा.

बाळंतिणीच्या घरच्यांना धोक्याच्या खुणा बोटांवर मोजून शिकवा. बाळ दूध ओढत नाही, हातपाय गार पडलेत, श्वास फार जलद चाललाय, तळहात-तळपाय पिवळे दिसताहेत, झटके आले. आईचे रक्त फार जातेय, ताप आहे, घाण वास येतोय, डोके फार दुखतेय. यातले एक जरी दिसले तरी सकाळची वाट पाहायची नाही, १०८ ला फोन करायचा. क्षयरोगाच्या घरी नुसते "कोर्स पूर्ण करा" म्हणून भागत नाही. "दोन महिन्यांत बरं वाटेल, वजन वाढेल, तेव्हाच गोळी सोडावीशी वाटेल. तेव्हा सोडायची नाही. डॉक्टर सांगतील तेव्हाच थांबायचं."

चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आपण सर्व जाणतो. त्याने जखमा बांधल्या, तेल ओतले, हे आपल्याला आठवते. पण त्याने आणखी एक काम केले. निघताना उतारशाळेच्या माणसाशी तो बोलला, पुढची काळजी त्याच्यावर सोपवली आणि मी परत येईन असे सांगितले. काळजी दुसऱ्याच्या हाती नीट सोपवणे हाही सेवेचाच भाग आहे.

संतापलेल्या माणसापुढे

दवाखान्यात मारहाण, तोडफोड होते, हे खरे आहे. त्याविरुद्ध महाराष्ट्रात २०१० पासून कायदा आहे, आणि तो हवाच. कोणी हात उगारला तर सिस्टरने तिथे थांबू नये. सुरक्षारक्षकाला, वरिष्ठांना बोलवावे. पण बहुतेक संताप हातापर्यंत पोचण्याआधी तासन्‌तास व्हरांड्यात साचत असतो. दर दोन तासांनी दाराशी येऊन एक वाक्य सांगितले तर तो साचत नाही. सांगण्यासारखे नवे काही नसेल तर तेच सांगा : "अजून रिपोर्ट आला नाही. पाच वाजेपर्यंत येईल. आला की मी स्वतः सांगते." आणि पाच वाजता खरोखर जा. रिपोर्ट आला नसला तरी जा.

आवाज चढलेल्या माणसाला "ओरडू नका" म्हटले की तो आणखी ओरडतो. "दादा, तुम्ही सकाळपासून उपाशी उभे आहात. या इकडे, बसा, मला सांगा," असे म्हटले तर पुष्कळदा तो रडायलाच लागतो. राग वर दिसतो, खाली भीती असते.

सिस्टरचीही बाजू

हे सर्व लिहिणे सोपे आहे. एका सिस्टरच्या वाट्याला अख्खा वॉर्ड असतो, रजिस्टरे असतात, रात्रपाळी असते, घरी लहान मूल असते. "बोलायला वेळ कुठं आहे?" हा प्रश्न खरा आहे. त्याचे एक उत्तर असे की न बोलल्याने वेळ वाचत नाही. एकाच प्रश्नाचे तुटक उत्तर पंधरा वेळा द्यावे लागते. दुसरे उत्तर व्यवस्थापनाने द्यायचे आहे : पुरेशा परिचारिका, नातेवाइकांना बसायला बाक, बोलायला एक आडोशाची खोली आणि दिवसातून भेटीची एक ठरलेली वेळ. सगळा भार सिस्टरच्या स्वभावावर टाकू नये.

मंडळीतील सभासदांनाही यात काम आहे. दवाखान्यात भेटीला जाताना फळांच्या पिशवीबरोबर तासभर वेळ न्या. वाडीवरून आलेल्या कुटुंबाला केसपेपर कुठे, औषध कुठे, महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा आरोग्यमित्र कुठे बसतो, हे दाखवा. शिधापत्रिका आणि आधारची झेरॉक्स काढून द्या. गोरमाटी येणारा कोणी ओळखीचा असेल तर त्याचा नंबर वॉर्डात देऊन ठेवा. आणि सिस्टरला विचारा, "ताई, तुम्ही जेवलात का?"

गटात चर्चेसाठी

१. तुम्ही नातेवाईक म्हणून दवाखान्यात होता तेव्हा कोणते वाक्य लक्षात राहिले? चांगले किंवा वाईट.
२. वाडीवरची आजी "हां बाई" म्हणाली. तिला खरोखर कळले आहे की नाही, हे कसे ओळखाल? दोघींनी सिस्टर आणि आजी होऊन करून दाखवा.
३. बाळाला घरी नेण्याचा हट्ट धरलेल्या कुटुंबाशी तुम्ही पहिले वाक्य कोणते बोलाल?
४. आपल्या जवळच्या दवाखान्यात नातेवाइकांना बसायला, पाणी प्यायला, रात्री टेकायला जागा आहे का? नसेल तर या तीन महिन्यांत आपण काय करू शकतो?

त्या आजीचा चेहरा मला अजून आठवतो. तिने मागितले होते ते फार थोडे होते : एकदा दार उघडून लेकरू दाखवणे. पुढे ड्युटीवर असेपर्यंत मी एक नेम पाळला. दारातून बाहेर आले आणि कोणी उठून उभे राहिले, तर मीही थांबत असे. चालता चालता उत्तर दिले नाही.